विश्लेषण : सात वेळा विश्वविजेता, पण वर्षभरात एकही पोडियम नाही! लुईस हॅमिल्टन संपला की गाडी आडवी आली?

7 डिसेंबर 2025 रोजी अबुधाबीत फॉर्म्युला वनचा मोसम संपला. मॅक्लारेनच्या लॅन्डो नॉरिसने अवघ्या दोन गुणांनी विश्वविजेतेपद पटकावलं आणि रेड बुलच्या मॅक्स व्हर्स्टॅपेनचं सलग पाचवं विजेतेपद हुकलं. त्याच दिवशी आणखी एका विक्रमी ड्रायव्हरचा हिशेब बंद झाला. सात विश्वविजेतीपदं, 105 विजय आणि 104 पोल पोझिशन नावावर असलेल्या लुईस हॅमिल्टनला 24 शर्यतींत एकदाही पहिल्या तिघांत येता आलं नाही. 2007 पासूनच्या कारकिर्दीत असं वर्ष त्याने कधी पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून एकच प्रश्न विचारला जातोय. चाळिशी ओलांडलेला हॅमिल्टन संपला का? की तो कायम चांगल्या गाडीमुळेच जिंकत होता आणि आता ती गाडी नाही, एवढंच? या दोन्ही प्रश्नांची उत्तरं त्याच्या अठरा-एकोणीस वर्षांच्या कारकिर्दीतच सापडतात. ती वाटतात तेवढी सोपी मात्र नाहीत.

2025 मध्ये नेमकं काय घडलं?

1 फेब्रुवारी 2024 रोजी हॅमिल्टन मर्सिडीज सोडून फेरारीत जाणार असल्याची घोषणा झाली, तेव्हा क्रीडाविश्वात खळबळ उडाली होती. खेळातला सर्वाधिक यशस्वी ड्रायव्हर सर्वात जुन्या आणि सर्वात लाडक्या संघात चालला होता. मार्च 2025 मध्ये चीनमध्ये त्याने स्प्रिंट शर्यत जिंकलीही. स्प्रिंट म्हणजे शनिवारी होणारी छोटी शर्यत. तिचे गुण मिळतात, पण ती ग्रां प्री विजयात धरली जात नाही.

दुसऱ्याच दिवशी चित्र पालटलं. मुख्य शर्यतीनंतरच्या तपासणीत हॅमिल्टनच्या गाडीच्या तळाची फळी नियमापेक्षा जास्त झिजलेली आढळली, तर त्याचा संघसहकारी शार्ल लेक्लेर याची गाडी वजनात कमी भरली. दोघेही बाद ठरले. पुढे वर्षभर घसरण सुरूच राहिली. चौथा क्रमांक ही हॅमिल्टनची सर्वोत्तम कामगिरी ठरली. ऑगस्टमध्ये हंगेरीत लेक्लेरने पोल पोझिशन मिळवली आणि हॅमिल्टन बाराव्या स्थानी राहिला. तेव्हा त्याने स्वतःलाच निरुपयोगी म्हटलं आणि संघाने ड्रायव्हर बदलावा, असंही बोलून दाखवलं. मोसमातल्या शेवटच्या तीन ग्रां प्रींच्या पात्रता फेरीत तर तो पहिल्याच टप्प्यात बाद झाला.

अखेरीस लेक्लेरचे 242 गुण झाले आणि हॅमिल्टनचे 156. गुणतालिकेत तो सहावा राहिला.

फॉर्म्युला वनमध्ये गाडी किती आणि ड्रायव्हर किती?

क्रिकेटमध्ये सगळे फलंदाज एकाच खेळपट्टीवर खेळतात. फॉर्म्युला वनमध्ये मात्र प्रत्येक संघ स्वतःची गाडी स्वतः तयार करतो. म्हणजे एकाच शर्यतीत दोन स्पर्धा चालतात. एक ड्रायव्हरांची आणि दुसरी अभियंत्यांची. गाडी एका फेरीला अर्धा सेकंद मागे असेल, तर पन्नास-साठ फेऱ्यांच्या शर्यतीत ही तूट अर्ध्या मिनिटाची होते. एवढं अंतर निव्वळ कौशल्याने भरून काढणं जवळजवळ अशक्य असतं.

म्हणूनच ड्रायव्हरचं मोजमाप करायचं तर त्याची तुलना आधी संघसहकाऱ्याशी केली जाते. दोघांकडे एकच गाडी, एकच इंजिन आणि एकच कारखाना असतो. हॅमिल्टनचा हा हिशेब मोठा रंजक आहे. 2007 मध्ये पदार्पणाच्याच वर्षी त्याच्या शेजारच्या गॅरेजमध्ये दोन वेळचा विश्वविजेता फर्नांडो अलोन्सो होता. वर्षअखेर दोघांचे प्रत्येकी 109 गुण झाले. 2010 ते 2012 या तीन वर्षांत मात्र जेन्सन बटनने त्याच्यापेक्षा एकूण 15 गुण जास्त मिळवले. निको रोझबर्गविरुद्ध चार वर्षांत तीनदा हॅमिल्टन पुढे राहिला. 2017 ते 2021 या पाच वर्षांत वाल्टेरी बोटास 10 शर्यती जिंकला, तर तशाच गाडीत हॅमिल्टन 50.

म्हणजे 'गाडीमुळे जिंकला' हे वाक्य अर्धंच खरं आहे. गाडी नसती तर तो सात वेळा विश्वविजेता झाला नसता. पण तीच गाडी शेजारच्यालाही मिळाली होती, हेही विसरून चालत नाही.

शर्यतीच्या दुनियेत तो पोहोचला कसा?

हॅमिल्टनचा जन्म 7 जानेवारी 1985 चा, लंडनच्या उत्तरेला असलेल्या स्टीव्हनेज या शहरातला. अमेरिकन धावपटू कार्ल लुईस याच्यावरून त्याचं नाव ठेवलं गेलं. त्याचे आजोबा 1950 च्या दशकात कॅरिबियनमधल्या ग्रेनाडा बेटावरून इंग्लंडला आले होते. लुईस दोन वर्षांचा असताना आई-वडील वेगळे झाले. बाराव्या वर्षापर्यंत तो आईकडे राहिला आणि नंतर वडिलांकडे.

वडील अँथनी हॅमिल्टन यांनी त्याला आधी रिमोटवर चालणारी खेळण्यातली गाडी घेऊन दिली. तिच्या स्पर्धेत हा लहानगा मोठ्या माणसांना भारी पडू लागला. मग नाताळची भेट म्हणून जुनी गो-कार्ट आली आणि आठव्या वर्षी खऱ्या शर्यती सुरू झाल्या. इथून पुढे खर्च वाढत गेला. टायर, इंजिन, प्रवास, दुरुस्ती असं सगळंच. मुलाच्या शर्यतींना वेळ मिळावा म्हणून अँथनी यांनी आयटी व्यवस्थापकाची पक्की नोकरी सोडून कंत्राटी कामं धरली. कधी एकाच वेळी चार-चार कामं केली. त्यात खिडक्यांच्या काचा विकणं, भांडी घासणं आणि विक्रीला असलेल्या घरांबाहेर पाट्या रोवणं हेही होतं.

कार्टिंगच्या मैदानावर बहुतेक मुलं गोरी आणि सुखवस्तू घरांतली होती. शाळेत होणाऱ्या छळापासून स्वतःचा बचाव करता यावा म्हणून लुईस पाचव्या वर्षीच कराटे शिकू लागला होता.

1995 मध्ये एका पुरस्कार सोहळ्यात दहा वर्षांचा लुईस मॅक्लारेनचे प्रमुख रॉन डेनिस यांच्यापुढे जाऊन उभा राहिला आणि 'मला एक दिवस तुमची गाडी चालवायची आहे' असं त्याने त्यांना सांगितलं. डेनिस यांनी स्वाक्षरीसोबत नऊ वर्षांनी फोन करायला लिहून दिलं. प्रत्यक्षात तीनच वर्षांत, 1998 मध्ये, मॅक्लारेन आणि मर्सिडीजने त्याला आपल्या युवा ड्रायव्हर योजनेत घेतलं. इथून पुढचा खर्च कंपन्यांनी उचलला. हे झालं नसतं तर चार काय, सहा कामं करूनही अँथनी यांना पुढच्या पायऱ्या परवडल्या नसत्या. 2003 मध्ये ब्रिटिश फॉर्म्युला रेनो, 2005 मध्ये फॉर्म्युला थ्री युरो सीरिज आणि 2006 मध्ये जीपी-टू अशा सगळ्या पायऱ्या त्याने विजेतेपदं मिळवत ओलांडल्या.

पहिलं विश्वविजेतेपद किती थोडक्यात मिळालं?

2007 मध्ये पहिल्या नऊही शर्यतींत हॅमिल्टन पोडियमवर होता. कॅनडात त्याने पहिला विजय मिळवला. दोन शर्यती उरल्या असताना किमी रायकोनेनच्या तो 17 गुण पुढे होता आणि तेव्हा विजयाला 10 गुण मिळत. पण चीनमध्ये झिजलेल्या टायरांवर पिट लेनकडे वळताना त्याची गाडी खडीत रुतली. ब्राझीलमध्ये गिअरबॉक्सने दगा दिला. विजेतेपद एका गुणाने गेलं. फेरारीसाठी ते रायकोनेनने जिंकलं आणि त्यानंतर आजवर फेरारीच्या एकाही ड्रायव्हरला ते जिंकता आलेलं नाही.

2008 चा शेवट तर चित्रपटात शोभावा असा होता. ब्राझीलमधल्या अखेरच्या शर्यतीत हॅमिल्टनला पाचवा क्रमांक हवा होता. फेरारीच्या फेलिपे मासाने घरच्या प्रेक्षकांसमोर शर्यत जिंकली आणि फेरारीच्या गॅरेजमध्ये जल्लोष सुरू झाला. त्याच वेळी मागे पाऊस पडत होता. हॅमिल्टन सहावा होता आणि कोरड्या ट्रॅकच्या टायरांवर धडपडणाऱ्या टिमो ग्लॉकला त्याने शेवटच्या वळणांवर गाठलं. 98 विरुद्ध 97 गुण. तेविसाव्या वर्षी हॅमिल्टन त्यावेळचा सर्वात तरुण विश्वविजेता ठरला.

त्याच वर्षीच्या सिंगापूर ग्रां प्रीत रेनो संघाने आपल्या ड्रायव्हरला मुद्दाम अपघात करायला लावल्याचं नंतर उघड झालं. त्या शर्यतीत मासाचं नुकसान झालं होतं आणि त्याने याबाबत लंडनच्या न्यायालयात दावाही केला आहे. त्या कटाशी हॅमिल्टनचा काहीच संबंध नव्हता. तरी एका गुणाच्या फरकावर उभं असलेलं विजेतेपद किती गोष्टींवर अवलंबून असतं, हे या प्रकरणातून दिसतं.

मर्सिडीजला जाण्याचा निर्णय वेडेपणा का वाटला होता?

2012 मध्ये हॅमिल्टनने मॅक्लारेन सोडायचं ठरवलं, तेव्हा अनेकांनी डोक्याला हात लावला. मॅक्लारेन शर्यती जिंकत होती आणि मर्सिडीजने तीन वर्षांत जेमतेम एक जिंकली होती. पण 2014 मध्ये इंजिनाचे नियम पूर्ण बदलणार होते. मोठ्या इंजिनाच्या जागी 1.6 लिटरचं टर्बो इंजिन आणि त्याला विजेची जोड अशी नवी रचना येणार होती. मर्सिडीज त्याची तयारी आधीपासून करत होती. तीन वेळचा विश्वविजेता निकी लाऊडा आणि संघप्रमुख रॉस ब्रॉन यांनी हॅमिल्टनला हेच पटवून दिलं.

पुढचा इतिहास सर्वांना माहीत आहे. 2014 मध्ये मर्सिडीजने 19 पैकी 16 शर्यती जिंकल्या. 2014, 2015, 2017, 2018, 2019 आणि 2020 अशी सहा विश्वविजेतीपदं हॅमिल्टनने तिथे मिळवली. 2016 मध्ये रोझबर्गने पाच गुणांनी बाजी मारली आणि पाच दिवसांत निवृत्ती जाहीर केली. 2020 मध्ये हॅमिल्टनने मायकल शूमाकरचा 91 विजयांचा विक्रम मोडला आणि सात विजेतेपदांची बरोबरीही साधली.

तीन आठवड्यांतले दोन परस्परविरोधी पुरावे कोणते?

'गाडी की ड्रायव्हर' या वादात दोन्ही बाजूंना हवे ते पुरावे 2020 च्या अखेरीस तीन आठवड्यांच्या अंतराने मिळाले.

पहिला पुरावा 15 नोव्हेंबरचा, इस्तंबूलचा. ट्रॅक ओला आणि प्रचंड निसरडा होता. मर्सिडीजची गाडी त्या दिवशी वेगवान नव्हती आणि हॅमिल्टन सहाव्या स्थानावरून सुटला. त्याने एकच टायरसंच शेवटपर्यंत ओढला. खाच्या घासून जाऊन ते टायर जवळपास गुळगुळीत झाले होते. तरीही तो अर्ध्या मिनिटाहून जास्त अंतराने जिंकला आणि सातवं विजेतेपद त्याच दिवशी निश्चित झालं. तशीच गाडी असलेला बोटास पुन्हा पुन्हा घसरत 14 वा आला.

दुसरा पुरावा 6 डिसेंबरचा, बहरीनचा. हॅमिल्टनला कोविड झाला होता. त्याच्या जागी मर्सिडीजने जॉर्ज रसेलला बसवलं. रसेल तेव्हा तळाच्या विल्यम्स संघाकडून खेळायचा आणि दोन वर्षांत त्याला एकही गुण मिळवता आला नव्हता. मर्सिडीजमध्ये बसताच तो शर्यतीत आघाडीवर गेला. पिटमध्ये टायरांची अदलाबदल झाली नसती आणि नंतर पंक्चर झालं नसतं, तर तो बहुधा जिंकलाच असता.

तीन आठवड्यांच्या अंतराने झालेल्या या दोन शर्यती एकत्र पाहिल्या की उत्तर स्पष्ट होतं. गाडी ड्रायव्हरला आघाडीवर नेऊन ठेवते. पण गाडी साथ देत नाही त्या दिवशी काय होतं, यातून ड्रायव्हरचा दर्जा कळतो.

आठवं विजेतेपद कसं हुकलं?

12 डिसेंबर 2021. अबुधाबीतल्या शेवटच्या शर्यतीआधी हॅमिल्टन आणि व्हर्स्टॅपेन या दोघांचे प्रत्येकी 369.5 गुण होते. 58 फेऱ्यांच्या शर्यतीत हॅमिल्टन आरामात पुढे होता. 53 व्या फेरीत निकोलस लतिफीची गाडी भिंतीवर आदळली आणि सेफ्टी कार ट्रॅकवर आली. सेफ्टी कारमागे सगळ्या गाड्या हळू आणि एका रांगेत चालतात. त्यामुळे हॅमिल्टनने मेहनतीने मिळवलेलं अंतर शून्य झालं. व्हर्स्टॅपेनने नवे, मऊ टायर घालून घेतले. हॅमिल्टनकडे जुने, कडक टायर होते.

शर्यत संचालक मायकल मासी यांनी फक्त या दोघांच्या मधल्या पाच पिछाडीच्या गाड्यांना पुढे जाऊ दिलं आणि शेवटच्या फेरीसाठी शर्यत पुन्हा सुरू केली. त्या एका फेरीत व्हर्स्टॅपेन पुढे गेला आणि विश्वविजेता झाला. एफआयए या जागतिक संघटनेने नंतर चौकशी केली. मासी यांना पदावरून हटवण्यात आलं आणि मानवी चूक झाल्याचं अहवालात मान्य करण्यात आलं. निकाल मात्र कायम राहिला. यात व्हर्स्टॅपेनचा दोष नव्हता, त्याने मिळालेल्या संधीचं सोनं केलं. तीनच दिवसांनी हॅमिल्टनला विंडसर कॅसलमध्ये 'सर' ही पदवी मिळाली.

2022 नंतर घसरण का झाली?

2022 मध्ये पुन्हा नियम बदलले. 'ग्राउंड इफेक्ट' गाड्या आल्या. या गाड्यांच्या तळाखालून हवा अशी वाहते की तिथे दाब कमी होतो आणि गाडी ट्रॅककडे ओढली जाते. याचा पूर्ण फायदा घ्यायचा तर गाडी जमिनीच्या अगदी जवळ आणि कडक सस्पेन्शनवर चालवावी लागते. हॅमिल्टनची ताकद वेगळ्या गोष्टीत होती. अगदी शेवटच्या क्षणी जोरात ब्रेक दाबायचा आणि त्याच झोकात गाडीचं नाक वळणात घालायचं. नव्या गाड्यांना हे मानवत नव्हतं. त्यात मर्सिडीजचं पहिलं डिझाइनच फसलं आणि सरळ रस्त्यावर गाडी उड्या मारू लागली.

आकडे पाहा. 2007 ते 2021 या 15 वर्षांत 103 विजय. 2022 ते 2025 या चार वर्षांत फक्त दोन, तेही 2024 मधलेच. त्यातला सिल्व्हरस्टोनचा विजय 945 दिवसांनी आला. घरच्या मैदानावरचा तो नववा विजय होता. एकाच ट्रॅकवर इतके विजय दुसऱ्या कुणाच्याही नावावर नव्हते.

तरीही या काळात तो पूर्णपणे फिका पडला होता, असं नाही. 2022 ते 2024 या तीन वर्षांत रसेलचे एकूण 695 गुण झाले, तर हॅमिल्टनचे 697. धोक्याची घंटा वाजली होती ती पात्रता फेरीत. एकाच फेरीत सर्वस्व पणाला लावायच्या या प्रकारात 2024 मध्ये रसेल त्याच्या बराच पुढे राहिला. वयाचा परिणाम नाकारायचा नसेल, तर त्याची खूण सर्वात आधी इथे शोधावी लागते.

फेरारीत दिग्गजही का अडखळतात?

फेरारीत जाऊन विजेतेपद न मिळालेला हॅमिल्टन पहिला नाही. अॅलन प्रॉस्टला 1991 मध्ये मोसम संपायच्या आधीच काढून टाकण्यात आलं. अलोन्सो पाच वर्षं राहिला आणि तीनदा दुसरा आला. सेबास्टियन वेटेल सहा वर्षं राहिला आणि दोनदा दुसरा आला. स्वतः शूमाकर 1996 मध्ये आला आणि फेरारीसाठी पहिलं विजेतेपद मिळवायला त्याला 2000 साल उजाडलं. ते सुद्धा रॉस ब्रॉन, रोरी बर्न आणि जाँ टॉड अशी भक्कम फळी सोबत असताना.

हॅमिल्टनला तर बारा वर्षांच्या सवयी मोडायच्या होत्या. ब्रेकची भावना वेगळी, स्टिअरिंगवरची बटणं वेगळी, इंजिनाच्या साहाय्याने वेग कमी करण्याची पद्धत वेगळी आणि रेडिओवर बोलणारा अभियंताही नवा. शिवाय फेरारीने 2025 च्या एप्रिलअखेरीसच त्या वर्षीच्या गाडीच्या वायुगतिकीवरचं काम थांबवून सगळं लक्ष 2026 वर वळवलं होतं, असं संघप्रमुख फ्रेड वासूर यांनी नंतर सांगितलं. म्हणजे उरलेलं वर्ष त्याच मर्यादांसह काढायचं होतं.

एवढं सगळं धरूनही एक गोष्ट लपत नाही. त्याच गाडीत लेक्लेर सात वेळा पोडियमवर गेला. संघसहकाऱ्याशी तुलनेच्या ज्या निकषाने हॅमिल्टन मोठा ठरतो, त्याच निकषाने 2025 मध्ये तो हरला.

ट्रॅकबाहेरची लढाई कोणती?

2008 मध्ये बार्सिलोनातल्या सरावादरम्यान काही प्रेक्षक तोंडाला काळा रंग फासून हॅमिल्टनची खिल्ली उडवायला आले होते. तेव्हा तो फारसं बोलला नाही. 2020 मध्ये अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर मात्र त्याने मौन सोडलं. शर्यतीआधी गुडघा टेकून वर्णद्वेषाचा निषेध केला. मर्सिडीजने चंदेरी गाडी काळ्या रंगात रंगवली.

त्याच वर्षी त्याने ब्रिटनच्या रॉयल अकॅडमी ऑफ इंजिनीअरिंगसोबत 'हॅमिल्टन कमिशन' स्थापन केलं. 2021 च्या अहवालानुसार फॉर्म्युला वनच्या कर्मचारीवर्गात कृष्णवर्णीयांचं प्रमाण जेमतेम एक टक्का होतं. संघ मोजक्या नामांकित विद्यापीठांतूनच भरती करतात, हे त्यामागचं एक कारण असल्याचंही अहवालात म्हटलं होतं. पुढे हॅमिल्टनने 'मिशन 44' ही संस्था काढली आणि तिच्यासाठी स्वतःचे 2 कोटी पौंड दिले.

हे सगळं करण्याची गरज का पडली, याचं उत्तर एका वाक्यात आहे. 2007 मध्ये हॅमिल्टन फॉर्म्युला वनचा पहिला कृष्णवर्णीय ड्रायव्हर ठरला आणि 2025 संपेपर्यंत दुसरा आलेला नाही. रोझबर्गचे वडील विश्वविजेते होते, व्हर्स्टॅपेनचे वडील फॉर्म्युला वन ड्रायव्हर होते आणि लान्स स्ट्रोलचे वडील तो खेळतो त्या संघाचे मालक आहेत. यांच्यात गुणवत्ता नाही, असा याचा अर्थ नाही. पण गुणवत्ता दाखवायला आधी गाडी लागते आणि गाडीला पैसा.

भारतीय ड्रायव्हर मागे का?

भारतालाही हा अनुभव नवा नाही. नारायण कार्तिकेयन 2005 मध्ये आणि करुण चांढोक 2010 मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरले, पण दोघांना मिळाल्या त्या मागच्या रांगेतल्या गाड्या. 2012 नंतर एकही भारतीय तिथे शर्यतीत उतरलेला नाही. मुंबईचा जेहान दारूवाला 2011 मध्ये फोर्स इंडियाच्या गुणवत्ता शोधमोहिमेतून पुढे आला. त्याने फॉर्म्युला टूमध्ये शर्यती जिंकल्या, मॅक्लारेनची गाडी चाचणीत चालवली. तरी फॉर्म्युला वनची जागा मिळाली नाही. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर 2011 ते 2013 अशा तीनच ग्रां प्री झाल्या. उत्तर प्रदेश सरकारने या शर्यतीला खेळ न मानता करमणूक मानलं आणि कराच्या वादात ती बंद पडली.

2025 मध्ये फॉर्म्युला वनच्या जगभरात मिळून फक्त 20 जागा होत्या. त्यामुळे विजेता कोण, याआधीचा प्रश्न असतो तो शर्यतीत उतरायला कुणाला मिळतं हा.

2026 मध्ये पुढे काय?

2026 मध्ये नियम पुन्हा मुळापासून बदलत आहेत. गाड्या लहान आणि हलक्या होतील. जवळपास निम्मी ताकद विजेची असेल. इंधन पर्यावरणपूरक असेल आणि पंख धावताना आपला कोन बदलतील. हॅमिल्टनला न मानवलेला ग्राउंड इफेक्टही बराच कमी होईल. कॅडिलॅकच्या आगमनामुळे संघ 11 आणि ड्रायव्हर 22 होतील. 2014 च्या नियमबदलाने हॅमिल्टनचं नशीब उघडलं, 2022 च्या बदलाने ते झाकलं. तिसरा बदल काय करेल, हे ट्रॅकवरच ठरेल.

वयाचा मुद्दा राहतोच. हुआन मॅन्युएल फॅन्जिओ 1957 मध्ये वयाच्या 46 व्या वर्षी विश्वविजेता झाला होता, पण तो काळ वेगळा होता. अलीकडच्या दशकांत चाळिशीनंतर कुणीही विजेतेपद मिळवलेलं नाही.

त्यामुळे 2026 मध्ये हॅमिल्टन जिंकतो की नाही, एवढंच पाहून निष्कर्ष काढणं घाईचं ठरेल. फेरारीची गाडी उत्तम निघाली तर तो जिंकेलही आणि टीकाकार पुन्हा गाडीला श्रेय देतील. गाडी फसली तर तो मागे पडेल आणि तेच टीकाकार वयाला दोष देतील. बघायचं असेल तर शेजारच्या गाडीकडे बघावं. नव्या गाडीत लेक्लेर आणि हॅमिल्टन यांच्यातलं अंतर कमी झालं, तर 2025 हे वाईट वर्ष होतं असं म्हणता येईल. ते तसंच राहिलं, तर हॅमिल्टनचा काळ सरला हे मान्य करावं लागेल.

त्याने त्याच्या 105 विजयांची किंमत मात्र कमी होणार नाही. स्टीव्हनेजच्या त्या मुलाला जुनी कार्ट मिळावी म्हणून एक बाप दिवसाला चार कामं करत होता आणि नंतर एका कंपनीने त्याचा खर्च उचलला. या दोन्हींपैकी एकही गोष्ट घडली नसती, तर आज 'गाडी की ड्रायव्हर' हा वाद घालायलाही हॅमिल्टन हे नाव कुणाला माहीत नसतं.